‘सेट नाही, तर डाव सोडा’: लिमिटमध्ये हा हिशोब बसत नाही

पोकर खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: “लिमिट होल्डेममध्ये समोरचा आक्रमक असेल, तर दुर्रीपासून छक्कीपर्यंतची जोडी फक्त सेटसाठी खेळा. सेट लागला की तो स्वतःहून पैसे देतो. फ्लॉपवर जोडीपेक्षा मोठं पान आलं, की डाव सोडा. शंका असेल तर एकदा रेज करून त्याचं पाणी जोखा. आणि लहान जोडीवर री-रेज कधीच नको.” पाच वाक्यं, आणि पाचही अर्धवट. (होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन बंद पानं असतात आणि खाली सगळ्यांसाठी पाच उघडी पडतात: आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, मग एक रिव्हर. हातातल्या जोडीचं तिसरं पान खाली लागलं की तो सेट. समोरच्याच्या बेटएवढे पैसे घालणं म्हणजे कॉल, ती वाढवणं म्हणजे रेज, वाढवलेली पुन्हा वाढवणं म्हणजे री-रेज.)

हिशोबासाठी १०-२० चं टेबल घेऊ. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पानं बघण्याआधीच घालायचे पैसे, ५ आणि १०. फ्लॉपपर्यंत बेट १० ची, टर्न आणि रिव्हरला २० ची. एका फेरीत एक बेट आणि तीन रेज, त्यापुढे नाही.

“सेट लागला की तो पैसे देतो”

देतो, पण किती? हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट किंवा त्याहून चांगलं काही लागण्याची शक्यता ११.८ टक्के. म्हणजे एकदा लागतं आणि साडेसात वेळा हुकतं. समजा त्याने २० केले, तुम्ही बटणावरून (डीलरच्या जागेवरून, जिथे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायचं असतं) २० कॉल केले आणि दोन्ही ब्लाइंडनी पानं टाकली. साडेसात वेळा २० गेले, म्हणजे १५०. ते सेट लागलेल्या एका डावातून वसूल व्हायला हवेत. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, तुमच्या कॉलआधी ३५ होते. उरलेले ११५ त्याच्या एकट्याकडून काढायचे. तिन्ही फेऱ्यांत त्याने बेट लावली, तुम्ही रेज केलं आणि त्याने ते कॉल केलं, तरी येतात २०, ४० आणि ४०. एकूण १००. सगळं मनासारखं होऊनही १५ कमीच. सेट लागूनही हरलेले डाव आणि रेक, म्हणजे टेबल चालवणाऱ्याचा वाटा (जुन्या अड्ड्यांवरची नाल!) तर यात धरलेलीच नाही.

हा सल्ला मुळात नो-लिमिटचा आहे. तिथे एकाच डावात समोरच्याचा अख्खा ढीग येऊ शकतो, म्हणून तिथे तो चालतो. लिमिटमध्ये बेटचा आकारच बांधलेला असतो.

बिग ब्लाइंडमध्ये, म्हणजे आधीच १० घातलेल्या जागेवर, मात्र कॉल स्वस्त आहे. फक्त १० घालायचे, समोर ३५ पडलेले. सेटवर आणखी ४० मिळाले की भागतं, आणि फ्लॉपला कॉल, टर्नला चेक-रेज (आधी त्याला बेट लावू द्यायची, मग रेज) एवढ्यातच ५० येतात. म्हणून तिथे कॉल करायचाच. पण मग दुसरी चूक सुरू होते.

“मोठं पान आलं, सोडा”

बिग ब्लाइंडमध्ये चौक्यांची जोडी. बटणावरून रेज आलं, तुम्ही कॉल केलं, पॉट ४५. फ्लॉप: राजा, अठ्ठी, तिर्री, तीन वेगळ्या रंगांची. जोडीपेक्षा मोठी दोन पानं खाली आहेत, म्हणून बहुतेक जण इथे हात झटकतात. पण मोजून बघा. उरलेल्या ४७ पानांतून दोन पानांच्या १,०८१ जोड्या बनतात. राजा, अठ्ठी किंवा तिर्री असलेल्या त्यातल्या ३७८. पंजी ते एक्का यांतल्या मोठ्या हातजोड्या ४८. म्हणजे कुठलीही दोन पानं घेऊन बसलेल्या माणसापुढे तुम्ही या क्षणी साठ टक्क्यांहून जास्त वेळा पुढे आहात.

अर्थात तो कुठल्याही पानांवर रेज करत नाही, त्याच्याकडे राजे थोडे जास्तच असणार. पण किंमतही बघा. शेवटपर्यंत कॉल करायला १०, २० आणि २०, म्हणजे ५० लागतात. मिळायचे असतात ९५. साडेचौतीस टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी. बटणावरून शंभरातले चाळीस हात रेज करणारा आणि तिन्ही फेऱ्यांत बेट लावणारा समोर असेल, तर एवढं सहज जमतं. हाच माणूस पहिल्या जागेवरून मोजक्या पानांवर रेज करत असेल, तर जमत नाही. राणी-गुलाम-नव्वी अशा फ्लॉपवर तर कोणाहीसमोर सोडा: तिथे फार कमी हात पूर्ण हुकतात, आणि हुकलेल्यांनाही सिक्वेन्सची पानं बाकी असतात.

इथे एक खाच आहे, तिच्याकडे फार कमी लोक बघतात. फ्लॉप राजा-अठ्ठी-अठ्ठी असेल आणि त्याच्याकडे एक्का-गुलाम, तर त्याला सहा नव्हे, नऊ पानं चालतात. तीन एक्के, तीन गुलाम, आणि तीन राजेसुद्धा. राजा पडला की खालीच राजा-अठ्ठीच्या दोन जोड्या होतात, तुमच्या चौक्या बाद आणि त्याचा एक्का वरचढ. दुर्रीची जोडी तर आणखी नाजूक. खाली अठ्ठी-अठ्ठी-तिर्री-तिर्री पडल्या, तर चौक्या टिकतात, दुर्र्या मरतात. ‘लहान जोडी’ म्हणून २ ते ६ एका गोणीत भरणं म्हणूनच चूक. दुर्रीची जोडी एकाच रंगाच्या गुलाम-दश्शीपुढे फ्लॉपआधीच मागे असते, सुमारे ४६ टक्के.

“रेज करून पाणी जोखा”

आक्रमक खेळाडूचं पाणी असं जोखलं जात नाही. तो हुकलेल्या पानांवरही री-रेज करतो. मग त्याचं उत्तर तुम्हाला काय सांगणार? वरच्याच राजा-अठ्ठी-तिर्रीच्या फ्लॉपवर चेक-रेज केलंत, तर त्याला १० घालून ७५ दिसतात, साडेसातास एक. एक्का-राणीला सहा पानं चालतात, म्हणजे पुढच्या पानावर साडेसहास एक. त्याचा कॉल बरोबरच ठरतो. तो हटत नाही, पैसे तुमचेच वाढतात. निमूट कॉल करत राहिलात, तर तो हुकलेल्या पानांवर स्वतःच बेट लावत राहतो.

“री-रेज कधीच नको”

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सेफियस हा प्रोग्राम मांडला. दोघांतला लिमिट होल्डेम त्याने व्यवहारात सोडवला. डीलर नसताना तिर्री किंवा चौकीसारख्या लहान जोडीवर तो माणसांपेक्षा बराच जास्त वेळा री-रेज करतो. खेळ दोघांचाच, तरी ‘कधीच’ हा शब्द खोडायला एवढं पुरे.

भरल्या टेबलावर याचा उपयोग असा: फक्त आक्रमक खेळाडूने, तेही बटणाच्या आधीच्या जागेवरून, रेज केलंय आणि तुम्ही पंजीची किंवा छक्कीची जोडी घेऊन बटणावर आहात. ३० करा. दोन्ही ब्लाइंडनी पानं टाकली की १५ फुकट पडतात, आणि प्रत्येक फेरीत तो तुमच्याआधी बोलतो. एक्का-राणी तीनातल्या दोन फ्लॉपवर हुकते. तिथे नुसता कॉल सगळ्यात वाईट, कारण तो ब्लाइंडना स्वस्तात आत घेतो. दुर्रीची किंवा तिर्रीची जोडी असेल तर सरळ टाका.

हा सल्ला पूर्ण खरा ठरतो तो पाच-सहा जण एकेका बेटवर आत असताना. तेव्हा सेट नाही, तर डाव नाही. पण आक्रमक खेळाडू तुमच्या डावीकडे बसला असेल, तर पहिल्या जागेवरून १० घालून आत शिरू नका: तुमच्यापर्यंत पाळी परत येते तेव्हा डाव २० किंवा ३० चा झालेला असतो आणि मागचे कॉल करणारे गायब असतात.