रॅम्पची सक्ती कोर्टानं उठवली म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. वर तीन लाल दिवे आणि 'सर्व सोसायट्या, दुकानदार, दवाखाने यांनी वाचावे'. मजकूर थोडक्यात असा: सुप्रीम कोर्टानं दिव्यांग कायद्याचा नियम १५ रद्द केला, त्यामुळे रॅम्पची सक्ती संपली. तसाही तो कायदा फक्त सरकारी इमारतींना आहे, जुन्या बांधकामाला तर नाहीच. दिव्यांग शंभरात दोन, त्यांच्यासाठी लाखोंचा खर्च कशाला? निम्मी सर्टिफिकेटं बोगस. आणि शेवटी, हात जोडलेल्या चित्रासह: 'आपल्याकडे चार माणसं पुढे होऊन उचलून घेतात. रॅम्पचं फॅड परदेशातलं.'

एरवी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण तासाभरात फुईचा फोन आला. (फुई म्हणजे आत्या, खानदेशाबाहेरच्यांसाठी.) तीन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू लकव्यानं गेली, तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. तिच्या बँकेला नीट रॅम्प करा म्हणून आम्ही दोघांनी महिन्यापूर्वी अर्ज दिला होता. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ, कोर्टनी बंद करी टाकं ना." अर्ज मागे घ्यायचा विचार होता तिचा. म्हणून हे लिहिणं आलं.

आधी कोर्टाचं. ८ नोव्हेंबर २०२४, राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार. रतुरी स्वतः दृष्टिहीन, त्यांची याचिका २००५ सालची. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्यासह तीन न्यायमूर्तींनी नियम १५ चा पहिला भाग रद्द केला, एवढं फॉरवर्डमधलं खरं. का रद्द केला, ते मात्र लिहिणाऱ्यानं सोयीस्करपणे गिळलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा करता येण्याच्या बाबतीत 'केलंच पाहिजे' अशी भाषा आहे. त्याखालच्या २०१७ च्या नियमानं मात्र नुसतं मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं, आणि त्या सूचना 'करावे, असावे' अशा सुरात. कोर्ट म्हणालं, मूळ कायदा सक्ती सांगतो आणि नियम नुसता सल्ला देतो, हे चालणार नाही. ज्यात तडजोड नाही अशा बाबी वेगळ्या काढा आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. शिवाय आधीच्या मानकांप्रमाणे चाललेलं काम तोवर थांबवू नका, आणि सक्तीचे नियम झाले की ते न पाळणाऱ्यांवर कलम ४४, ४५, ४६ आणि ८९ खाली कारवाई करा, हेही त्याच निकालात आहे. बाईंनी गृहपाठ कच्चा म्हणून वही परत केली आणि पोरगं घरी येऊन सांगतं, गृहपाठ माफ झाला. तशी ही बातमी.

'फक्त सरकारी इमारती' हे तर कायद्याचं दुसरं कलमही न वाचता लिहिलंय. सार्वजनिक इमारत म्हणजे सरकारी किंवा खाजगी, लोक जिथे जातात-येतात अशी कुठलीही. शाळा, कामाची जागा, दुकानं, दवाखाने, धर्मस्थळं, कोर्ट, रेल्वे स्टेशन, बसस्टँड, सगळं त्यात नाव घेऊन आहे. जुन्या इमारतींसाठी कलम ४५ मध्ये नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिलेली. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ ला सरली. नव्या बांधकामाचं कलम ४४ मध्ये: नकाशा नियमात बसत नसेल तर परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. दंड पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास हजार ते पाच लाख. तो कुणाला झालेला मी अजून पाहिला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता 'चार माणसं उचलतात'. सगळ्यात गोड दिसणारं आणि सगळ्यात वाईट वाक्य हेच.

फुईच्या बँकेला चार पायऱ्या आहेत. बाजूला लोखंडी पत्र्याचा एक रॅम्प आहे, म्हणजे कागदावर रॅम्प आहे. आम्ही गेलो त्या दिवशी त्यावर दोन मोटारसायकली लावलेल्या. मालक कोण, विचारेपर्यंत वॉचमन, समोरचा चहावाला पोऱ्या, रांगेतले दोघं पुढे झाले आणि फुईला खुर्चीसकट उचललं. मनाची चांगली माणसं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण एकाचा हात तिच्या काखेत, एकाचा मांडीखाली. लुगडं पोटरीच्या वर सरकलं. धड हात एकच, त्यानं तिनं पदर धरला, म्हणून खुर्चीचा दांडा सुटला आणि ती एका बाजूला कलली. एक चप्पल खाली गटारीच्या कडेला पडली. आत सगळी रांग वळून बघतेय. काउंटरवर ती काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मी काय कापूसनं गाठोडं शे का?"

त्यानंतर ती बँकेत गेलेली नाही. तिच्या पेन्शनचे पैसे आता दुसरंच कुणी काढतं आणि किती निघाले ते तिला विचारून कळतं. आयुष्यभर निंदणी-कापूसवेचणीच्या मजुरीचा हिशेब तोंडपाठ ठेवलेली बाई. चार माणसांची वाट बघायची म्हणजे आपल्या वेळेला बाहेर पडायचं नाही, हे या फॉरवर्डवाल्यांच्या डोक्यात येत नाही, कारण त्यांना कधी कुणी उचललेलं नाही. लग्नात नवरदेवाला उचललं तेवढंच.

मोटारसायकली नसत्या तरी तो रॅम्प कामाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. पायरी सहा इंचाची, चार पायऱ्या म्हणजे चोवीस इंच चढ. रॅम्पचं ठरलेलं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. हिशेबानं रॅम्प चोवीस फूट पाहिजे. तिथला पत्रा भरला सात फूट. तेवढ्या उभ्या चढावरून खुर्ची ढकलायला मला धाप लागली, आणि उतरताना मागे धरलं नाही तर खुर्ची थेट रस्त्यावर. दोन्ही बाजूंना कठडा नाही. वर दार आहे, त्याला उंबरठा. असले रॅम्प तपासणीच्या फोटोपुरते असतात.

खर्चाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. आमच्याकडच्या जुन्या पेठांमध्ये दुकान म्हणजे उंच ओटा, त्याखाली गटार आणि लगेच रस्ता. तिथे चोवीस फूट आणणार कुठून? छोट्या दुकानदाराला झेपेल तेवढंच करायला सांगा, कायदाही 'अवाजवी भार' नको म्हणतो. पण बँकेचं तसं नाही. मागच्या वर्षी दर्शनी भागाला ग्रॅनाइट लागलं, काचेची दारं बसली, त्या पैशात पायऱ्या फिरवून रॅम्प निघाला असता. आणि नवीन बांधकामाला तर सबबच नाही. सिमेंट तेच, ओतायचं कुठे एवढाच प्रश्न.

'शंभरात दोन' हा आकडा २०११ च्या जनगणनेचा: देशात २ कोटी ६८ लाख, महाराष्ट्रात २९ लाखांवर. कायद्यातले २१ प्रकार त्यानंतर पाच वर्षांनी आले. फुई तर त्या वेळी निंदणीला जात होती, ती कुठे त्यात?

बोगस सर्टिफिकेटं आहेत, नाही कुठे म्हटलं. त्याला कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पकडा त्यांना. पण खोटं सर्टिफिकेट काढून कुणी रॅम्प चढायला जातं का हो?

परवा अर्ज नव्यानं लिहिला. निकालाची तारीख घातली, कलम ४५ घातलं, सात फूट आणि चोवीस फूट दोन्ही मापं घातली, एक प्रत पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे. फुईनं डाव्या हातानं सही केली. वाकडी झाली, तिनं खाली परत एकदा केली. कागद माझ्याकडे देण्याआधी विचारलं, "चोवीस फूट लिखेल शे ना?"