मासिकं वाचकांनी नाही मारली

परत तोच विषय निघाला. प्रिंट मासिकं संपली, आता सगळं स्क्रीनवर, वगैरे. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी हे म्हणतं आणि आमच्यासारखे लोक लगेच कागदाचा वास, पानांचा स्पर्श करत उमाळे काढतात. मी वासाबद्दल अवाक्षर काढणार नाहीये. वासासाठी कोणी वर्षभराची वर्गणी भरत नाही.

वाचक गेले म्हणून मासिकं गेली हे मला अर्धसत्य वाटतं. आधी गेल्या त्या जाहिराती. अंक छापायला आणि पोस्टाने पाठवायला जेवढा खर्च यायचा त्यापेक्षा कितीतरी कमी पैशात तो आपल्या हातात पडायचा कारण वरचे पैसे जाहिरातवाला देत होता, म्हणजे खरं गिऱ्हाईक तो, आपण नुसता खपाचा आकडा. आणि हे दुखणं इंटरनेटच्या आधीचं आहे बरं का. अमेरिकेतलं 'लाइफ' साप्ताहिक १९३६ साली फोटोंच्या जोरावर उभं राहिलं आणि १९७२ च्या डिसेंबरात बंद पडलं, तेव्हाही त्याचे वर्गणीदार लाखांनी होते! जाहिराती टीव्हीकडे वळल्या, पोस्टाचे दर चढले, आणि मग जितके वर्गणीदार जास्त तितका खड्डा मोठा असं उलटं गणित होऊन बसलं. वाचक होते, मासिक मेलं.

अमेरिकेतल्याच 'न्यूजवीक' या बातम्यांच्या साप्ताहिकाची तर गंमतच. २०१२ च्या डिसेंबरात शेवटचा छापील अंक काढला, मुखपृष्ठावर त्यांच्याच जुन्या बिल्डिंगचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि वर 'लास्ट प्रिंट इश्यू' असा चक्क हॅशटॅग. स्वतःच्या मर्तिकाला मारेकऱ्याचाच सदरा घालून गेल्यासारखं. पण २०१४ च्या मार्चमध्ये परत छापायला लागले, या वेळी जाहिरातींपेक्षा वर्गणीच्या भरवशावर. (परतीच्या अंकात बिटकॉइनचा जनक सापडल्याची कव्हर स्टोरी होती आणि तो माणूस म्हणाला, मी तो नव्हेच. असो.)

याच्या उलट ब्रिटनचं 'प्रायव्हेट आय' बघा, १९६१ पासून चालू असलेलं, राजकारण्यांची टिंगल आणि भानगडींच्या बातम्या छापणारं पाक्षिक, कागद जेमतेम, मांडणी अशी की शाळेतल्या पोरांनी कात्री-गोंद घेऊन केलीये. वेबसाइटवर अगदी थोडं टाकतात, बाकी हवं असेल तर अंक घ्या. आणि लोक घेतात, खप दोन लाखांच्या वर आहे. कारण त्यातलं दुसरीकडे फुकट मिळत नाही, बाकी काही जादू नाही. 'नॅशनल जिओग्राफिक' २०२३ नंतर अमेरिकेतल्या स्टॉलवरून गेलं पण वर्गणीदारांना छापील अंक येतोच. मला वाटतं बऱ्याच जणांचं हेच होणार, स्टॉलवर चाळून घेण्याची चीज राहणार नाही, कमी प्रती, महाग अंक, आणि ज्याला खरंच हवाय त्याच्याच घरी.

आता डिजिटल सोयीचं आहे हे मलाही कळतं, म्हणून मी मध्यंतरी एका अ‍ॅपवर एका मासिकाचे जवळजवळ चार वर्षांचे अंक विकत घेतले होते. फोनवर पीडीएफ वाचायचं म्हणजे दोन बोटांनी पान मोठं करा, कॉलम खाली संपला की परत वर सरका, तेवढ्यात फोटोवर बोट लागून तिसरंच पान उघडतं. तेही चालवून घेतलं. मग एक दिवस ईमेल आला, अ‍ॅप बंद होतंय, आपल्या सहकार्याबद्दल आभार. चार वर्षं गायब. विकत घेतले असं आपण समजत होतो, प्रत्यक्षात भाड्याने होते. आणि कपाटात त्याच मासिकाचा १९९८ चा एक अंक पडलाय, पिना गंजल्यात, मधली पानं सुटलीत, कसरीने एका कोपऱ्याला नक्षी केलीये, पण उघडला की उघडतो.

दुसरं म्हणजे अंक संपतो. शेवटचं पान येतं, मलपृष्ठ येतं, विषय मिटला. फोनवर कधी काही संपतच नाही. आणि मी न मागितलेला लेख माझ्या हातात येतो, कुठल्याशा संपादकाला वाटलं म्हणून, मी काल काय सर्च केलं म्हणून नाही. मधमाश्यांवरचे आठ पानी लेख मी स्वतःहून उघडले असते का, शक्यच नाही.

पण म्हणून सगळी वाचवायला हवीत असं अजिबात नाही. या वर्षी वर्गण्या रिन्यू करायला बसलो, दोन मासिकांची तीन-तीन वर्षांची भरून टाकली आणि बातम्यांचं जे साप्ताहिक येतं ते बंद केलं. गेले सहा अंक प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरसुद्धा काढले नव्हते.