साडेचार लाखांचे स्पीकर, ढबढबणारा बास: तुमच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन चार तक्रारी लिहिल्यात. बास ढबढबतो, गाण्यातला 'स' कानाला टोचतो, साडेचार लाख घेऊन आत लाकडाऐवजी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) निघालं आणि दोन बॉक्सचा रंग जुळत नाही. शेवटी 'यापेक्षा गणपतीतला डॉल्बी बरा' हेही आहे. सोबत फोटो टाकलेत ते बरं केलंत, निम्मं उत्तर त्यांतच दिसतंय.

आधी आमची चूक. आमचा माणूस बॉक्स उतरवून, वायरी जोडून वीस मिनिटांत निघून आला. असे स्पीकर खोलीत नीट बसवायला दोन-अडीच तास लागतात. ते काम राहिलं, आणि खालचं बरंचसं त्यामुळेच घडलंय.

बास. फोटोत दोन्ही स्पीकर कोपऱ्यात आहेत, मागची भिंत जेमतेम चार बोटांवर, आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. खोली तुम्हीच लिहिलीय, १२ बाय १२. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. एवढ्या अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनांचा, सूर अडकून घुमतो, दुप्पट म्हणजे ९४ ला पुन्हा. तुमची खोली चौरस, त्यामुळे लांबीचा आणि रुंदीचा घुमारा एकाच सुरावर येऊन पडतो. हा घुमारा सगळ्यात जास्त उठतो तो कोपऱ्यातल्या स्पीकरमुळे, आणि सगळ्यात जास्त ऐकू येतो तो भिंतीला डोकं टेकून बसलेल्याला. तुमच्याकडे दोन्ही एकदम जमून आलंय.

आमच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. मोबाईलवर टोन जनरेटरचं (हवा तो सूर वाजवणारं) कुठलंही फुकट ॲप घ्या, मोबाईल ॲम्प्लिफायरला जोडा, आवाज हळू ठेवा आणि ३० ते १२० हर्ट्झ पाच-पाचच्या टप्प्यांनी वाजवा. सोफ्यावर बसल्यावर ४५च्या आसपास एकदम फुगवटा येईल. तिथेच थांबून ४७ लावा आणि उठून खोलीच्या बरोब्बर मधोमध जा. तोच सूर जवळजवळ नाहीसा होईल. दोष स्पीकरचा असता तर चार पावलं चालल्यावर तो गेला नसता. ॲप नको असेल तर तबल्याचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड ऐका. ती सलग चढायला हवी. मध्येच एखादा सूर उडी मारून पुढे येत असेल तर तो खोलीचा.

आता जागा. ही सगळी मापं वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या गोल पडद्याच्या, मध्यापासून घ्या, बॉक्सच्या कडेपासून नको: मागची भिंत अडीच फूट, बाजूची भिंत सव्वातीन फूट. ही दोन अंतरं मुद्दाम वेगळी आहेत. सारखी ठेवली तर दोन्ही भिंतींवरून परत येणारा आवाज एकाच सुराला खड्डा पाडतो. म्हणजे दोन स्पीकरमध्ये साडेपाच फूट उरतात. सोफा भिंतीपासून पुढे ओढा, तुमचं डोकं भिंतीपासून तीन फुटांवर आलं पाहिजे. मग प्रत्येक स्पीकर कानापासून साधारण सात फुटांवर येतो. दोन्हीकडचं अंतर टेपनं मोजा, इंचाचाही फरक ठेवू नका. बारा फुटांच्या हॉलमध्ये सोफा तीन फूट पुढे घेणं घरात कुणाला पटत नाही, याची कल्पना आहे. निदान ऐकताना तरी ओढा.

एवढं करून बास उरलाच तर खोक्यात काळ्या फोमची दोन बुचं आहेत, ती मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे गोल भोकात, बसवा. खालचा बास थोडा कमी होईल, पण आवरलेला येईल. आणि दुसऱ्या फोटोत ॲम्प्लिफायरचा बासचा नॉब घड्याळातल्या तीनवर दिसतोय, शेजारी लाउडनेसचा (बास आणखी फुगवणाऱ्या बटणाचा) दिवाही पेटलाय. नॉब बारावर आणा, लाउडनेस बंद करा. सहा डेसिबल बास वाढवला की त्या पट्ट्यात ॲम्प्लिफायरकडून चौपट पॉवर मागितली जाते, आणि या खोलीला मुळात ती नकोच आहे. (वायरी उलट्या लागल्या असतील का, असं खाली एकानं विचारलंय. एका बाजूची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटली की बास बहुधा पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध ठरत नाही. इथली लक्षणं त्याच्या उलट आहेत.)

'स' टोचण्याचं कारणही फोटोत आहे. खाली गुळगुळीत टाइल्स, वर पीओपी, एका भिंतीला अख्खी काचेची खिडकी. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, मागोमाग 'टर्र' असा बारीक आवाज येईल. भिंतीभिंतींत फिरणारा हाच आवाज 'स'ला चिकटतो. सोफा आणि स्पीकर यांच्यामध्ये ६ बाय ४ चा जाड गालिचा टाका, सतरंजी पुरणार नाही. खिडकीला चुण्यांचा जाड पडदा लावा. आत्ता स्पीकरची तोंडं थेट कानावर रोखलेली आहेत, ती जरा बाहेर वळवा, दोन्हींची रेघ डोक्यामागे फूटभरावर मिळाली पाहिजे. ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला येतोय ना, तेही बघा, तुमचा सोफा बसका आहे.

एमडीएफवर मात्र आम्ही मागे हटणार नाही. अस्सल लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. आपल्याकडचा पाऊस बघता सागवानी बॉक्सचे सांधे किती वर्षं हवाबंद राहतील? एमडीएफला रेषाच नसतात, लांबी-रुंदीत ते सारखं वागतं. तुमच्या मॉडेलची पुढची फळी २५ मिलिमीटरची आहे, आतून आडव्या पट्ट्यांनी बांधलेली. बोटाच्या पेरानं टकटक करून बघा, आवाज आखूड आणि मेलेला येईल. स्पीकरची फळी मेलेलीच हवी, गायचं काम पुढच्या गोल पडद्याचं. पैसे त्या बांधणीचे आहेत. विकताना 'अक्रोड फिनिश' म्हणताना हे उघड सांगायला हवं होतं, तेवढी तक्रार रास्त.

रंगाचं दोन प्रकारे होतं. अक्रोडाचा पापुद्रा (एमडीएफवर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) उन्हानं फिका पडतो आणि तुमचा उजवा स्पीकर खिडकीशी आहे. पुढची जाळी काढा. झाकलेला भाग भोवतालपेक्षा गडद असेल तर ते ऊन. फरक नसेल तर जोडीच वेगळ्या पापुद्र्याची आलीय आणि आम्ही ती आमच्या खर्चानं बदलून देऊ. मागच्या पट्टीवरचे दोन्ही सिरियल नंबर दुकानात कळवा, इथे टाकू नका.

डॉल्बीबद्दल एवढंच. मिरवणुकीतली स्पीकरची भिंत उघड्यावर लांबपर्यंत छातीत धक्का द्यायला बनवलेली असते, तिच्याकडून तानपुऱ्याची जवार ऐकायची कुणाची अपेक्षा नसते. मूळ डॉल्बी तर टेपवरची खरखर कमी करायची पद्धत होती, १९६० च्या दशकातली. आपल्या कोल्हापुरात त्या नावाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी माणूस मोजायचा माइक आणि टेप घेऊन येईल, पैसे लागणार नाहीत. सगळं बसवूनही तुमच्या कानाला पटलं नाही तर स्पीकर परत घेऊ, पूर्ण रक्कम देऊ. तो येण्याआधी उजव्या कोपऱ्यातलं काचेचं शोकेस तेवढं रिकामं करून ठेवा. ४७ हर्ट्झ लावला की त्यातल्या कपबश्या वाजणार, आणि मग स्पीकरच फाटलाय असं वाटत राहतं.