लीद

शाळेच्या ग्रुपवर पुन्हा माथेरानवरून जुंपली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या नेरळच्या बॅचला माथेरानचं पुढे काय करायचं हे पक्कं ठाऊक झालेलं आहे. एकाने लिहिलं, "आता घोडेपण बंद करा. ई-रिक्षा सगळीकडे फिरू देत. लिदीच्या वासाने कोण येणार वर? जगात कुठे आता घोड्यावर सामान वाहतात?" खाली सतरा अंगठे.

हे वाचलं तेव्हा मी नॅचीजच्या पंपावर पिकअपमध्ये डिझेल भरत होतो. मागे ट्रेलरमध्ये दोन घोडे, आणि माझ्या बुटाला लीद. (नॅचीज हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या गावाचं नाव; मी आता इकडेच राहतो. हिंदीतला 'नाचीज' आठवून मी दरवेळी एकटाच हसतो.)

आम्ही व्हाइट पास नावाच्या घाटातून परतत होतो. याकिमा शहरातून हायवे १२ ने वर चढत गेलं की साडेचार हजार फुटांवर लीच लेक लागतं. जळवांचं तळं; मला मात्र तिथे अजून एकही जळू दिसलेली नाही. काठाला घोडे घेऊन येणाऱ्यांसाठी मोजक्या जागांचा तळ आहे. प्यायच्या पाण्याचा नळ नाही, वीज नाही. संडास आहे, फ्लश नाही. अशा जागेला इथे 'प्रिमिटिव्ह' म्हणतात आणि लोक कौतुकाने म्हणतात. आपल्याकडे याच वर्णनाची ग्रामसभेत तक्रार होते.

घोडे माझे नाहीत, शेजारीणबाईंचे. बिस्किट आणि जून. बाई सत्तरीच्या आहेत आणि मला चाळिशीत घोड्यावर बसायला त्यांनीच शिकवलं. बायको बसत नाही. तिने तळ्याकाठी खुर्ची टाकून उरल्यासुरल्या डासांशी युद्ध केलं. यंदा वणव्यांचा धूर कमी होता, त्यामुळे तीन दिवस बरे गेले.

तळावर पोचलं की आधी घोडे, मग माणसं. दोन झाडांना रुंद पट्टे बांधायचे, म्हणजे साल सोलवटत नाही. त्या पट्ट्यांमध्ये घोड्याच्या डोक्याच्या वर दोर ताणायचा आणि त्याला घोडे बांधायचे. थेट झाडाला बांधला तर घोडा खुरांनी मुळं उकरतो आणि कंटाळला की साल खातो. गवत साधं चालत नाही, तण नसल्याचा शिक्का असलेलंच आणावं लागतं, नाहीतर लिदीतून भलतंच बी डोंगरात रुजतं. एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. मी बादल्या वाहिल्या. दुसऱ्या दिवशी कंबर धरली तेव्हा आजी आठवली, जिला हे रोज होतं आणि ज्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नव्हतं.

आणि लीद? तळावरची लीद फावड्याने गोळा करून ट्रेलरमध्ये भरायची आणि घरी आणायची. शेजारीणबाई ती गुलाबांना घालतात.

आता त्या प्रश्नाकडे. कुठे वाहतात घोड्यावर सामान? इथे. रस्त्यापासून थोडं आत गेलं की विल्यम ओ. डग्लस वाइल्डरनेस हे राखीव रान सुरू होतं. डग्लस याकिमात वाढलेला, पुढे छत्तीस वर्षं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता. १९६४ च्या कायद्याने असल्या रानात मोटार नाही, सायकलसुद्धा नाही, पेट्रोलवरची करवतही नाही. वाटेवर झाड पडलं तर दोघांनी दोन्हीकडून ओढायच्या करवतीने कापायचं, आणि ती करवत खेचरावर लादून न्यायची. चंद्रावर माणूस पाठवणारं सरकार रानात खेचरं हाकतं. वर मोजमाप असं की एका जथ्यात माणसं आणि जनावरं मिळून बारापेक्षा जास्त नकोत. बारा काळजं, असं घोड्यांची मंडळी म्हणतात. बिस्किटचं काळीज आणि माझं, एकाच हिशेबात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जरा जास्तच लिहिलं. माथेरानला मोटारबंदी आहे म्हणून माथेरान उरलंय, नाहीतर शार्लोट लेकपर्यंत गाड्यांची रांग लागली असती. पेव्हर ब्लॉकवर घोडा घसरतो, लाल मातीवर नाही. लीद हा अडचणीचा नाही, फावड्याचा प्रश्न आहे. हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फावडं कोण मारणार, तू?"

ग्रुपवर एकानेच नीट उत्तर दिलं. तो अजून नेरळलाच राहतो. "तुझा घोडा तुझं पोट भरतो का रे? आमच्या इथे वरच्या वाड्यांतून आजारी माणूस झोळीत घालून खाली आणतात. त्यांना सांग, रस्ता नसणं किती छान असतं ते."

यावर माझ्याकडे उत्तर होतं असं मी म्हणणार नाही. कायदा, करवत, बारा काळजं हे सगळं खरं आहे, पण मी निवडून निवडून सांगितलं होतं. व्हाइट पासला हायवे तळ्याच्या अगदी जवळून जातो, रात्री ट्रक ऐकू येतात, आणि बिस्किटला पोटशूळ उठला असता तर तासा-दीड तासात मी याकिमात डॉक्टरच्या दारात असतो. माझं आदिम जगणं डांबरी रस्त्याला बांधलेलं आहे, रुंद पट्ट्याने. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या डोंगरातल्या लांबलचक पायवाटेवरून मेक्सिकोच्या सीमेपासून चालत आलेली पोरं तळाशेजारून गेली. सव्वाचार हजार किलोमीटरची वाट, पाठीवर ओझं, अंगाला आठवड्याचा वास. शेजारीणबाईंनी त्यांना सफरचंदं दिली. मला मात्र नेरळहून डोक्यावर पाट्या घेऊन माथेरान चढणाऱ्या ठाकर बायका दिसत राहिल्या. त्यांना आम्ही कधी साधं पाणी विचारलं नव्हतं.

आणखी एक आहे, जे मी ग्रुपवर लिहिलं नाही. सहावीत आमच्या वर्गात घोडेवाल्याचा मुलगा होता. वडील दस्तुरीवर, म्हणजे माथेरानला गाड्या थांबतात त्या नाक्यावर, घोडा घेऊन उभे राहायचे, हा सकाळी घोड्याचं खरारा-पाणी करून शाळेत यायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. आम्ही त्याला 'लिद्या' म्हणायचो. नाव कुणी ठेवलं ते बाकीचे विसरले असतील. मीच ठेवलं होतं. एकदा त्याने मला फुकट घोड्यावर बसवतो म्हणून सांगितलं होतं. मी नाक दाबून दाखवलं आणि अख्खा वर्ग हसला. घोड्यावर बसणं मुंबईच्या पाहुण्यांचं काम, घोडा धरणं त्याच्यासारख्यांचं, आणि आम्ही दुकानदारांची पोरं या दोन्हींत नाही, याचा आम्हाला भारी अभिमान होता. त्या मुलाने आठवीनंतर शाळा सोडली. ग्रुपवर तो नाही. माथेरानचे घोडे ठेवायचे की नाही याची चर्चा आम्ही त्रेचाळीस जण करतो.

त्या रात्री वाद थंडावा म्हणून मी एक फोटो टाकला. मागे लीच लेक, देवदारासारखी काळी झाडं, आणि बिस्किटवर मी, टोपी घालून.

"भारी!" "काय थाट आहे साहेब!" "राजे!" असं मिनिटात सुरू झालं. घोडे बंद करा म्हणणाऱ्यानेही लिहिलं, "आम्ही आलो की आम्हालापण फिरव रे घोड्यावर."

"नक्की," मी लिहिलं आणि बूट धुवायला घेतले.