खुलासा : नेवाडाच्या जुगार नियंत्रण मंडळात कोण बसतं?

‘लास वेगासच्या जुगारावर देखरेख करणाऱ्या मंडळात सगळे कॅसिनोमालकच आहेत’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. लास वेगास अमेरिकेच्या नेवाडा राज्यात आहे. तिथल्या, १९५५ साली स्थापन झालेल्या नेवाडा गेमिंग (म्हणजे जुगार) कंट्रोल बोर्डाचे तीन सदस्य गव्हर्नर नेमतात आणि त्यांची पात्रता राज्याच्या कायद्यातच, कलम ४६३.०४० मध्ये, लिहिलेली आहे. अध्यक्षाकडे प्रशासनाचा अनुभव किंवा व्यापक व्यवस्थापन-कौशल्य हवं. एक सदस्य सनदी लेखापाल, नाहीतर वित्त, अर्थशास्त्र वा गेमिंगमधला जाणकार. एक तपास, पोलीस, कायदा किंवा गेमिंग क्षेत्रातला. म्हणजे पूर्वी कॅसिनोत काम केलेली व्यक्ती येऊ शकते. शंका घ्यायचीच तर ती इथे घ्यावी. पण पदावर असताना परवानाधारक धंद्यात आर्थिक हितसंबंध ठेवायला मनाई आहे. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.