पाच वर्षांचा गेमिंग पीसी भंगारात काढावा काय?

नागपुरातल्या गेमिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश बराच फिरतो आहे, आणि सीताबर्डीच्या एखाद्या कॉम्प्युटरच्या दुकानात उभे राहिले तर तोच मजकूर काउंटरपलीकडूनही ऐकू येतो. त्याचा सारांश असा : पाच वर्षांहून जुन्या गेमिंग कॉम्प्युटरवर एक रुपयाही लावू नये, कारण नवे ग्राफिक्स कार्ड (गेमचे चित्र तयार करणारा भाग) टाकले तरी जुना प्रोसेसर त्याला अडवतो, एक भाग बदलला की सगळेच बदलावे लागतात, विंडोज ११ त्यावर येत नाही, वॉरंटी उरत नाही आणि इथल्या उन्हाळ्यात जुने मशीन तग धरत नाही, सबब नवाच घ्यावा. यातला प्रत्येक मुद्दा कुठल्या ना कुठल्या मशीनला लागू पडतो, हे मान्य. पण हा निर्णय मदरबोर्डचा (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाचा) सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, पाहून घ्यायचा असतो आणि संदेश मात्र बिलावरची तारीख पाहायला सांगतो.

प्रोसेसर कार्डाला अडवतो की नाही, हे पैसे खर्च करण्याआधी घरबसल्या तपासता येते. नेहमीचा गेम सुरू करून त्याचे रिझोल्यूशन आणि ग्राफिक्सची पातळी एकदम खाली आणावी. फ्रेम्स (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) भराभर वाढल्या, तर आजवर कार्डच दमत होते आणि नव्या कार्डाचा उपयोग होईल. फ्रेम्स जागच्या जागी राहिल्या, तर अडसर प्रोसेसरचा आहे. २०१६ सालचे जीटीएक्स १०६० हे कार्ड वापरणाऱ्या बहुतेकांना पहिला, म्हणजे फ्रेम्स वाढण्याचा, अनुभव येईल. अशा मशीनमध्ये एएमडी कंपनीच्या आरएक्स ६६०० सारखे कार्ड बसवले, तर १०८०पी (फुल एचडी) आणि ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या) मॉनिटरवर बराच काळ निभावून जाते. कार्डाला १३२ वॅट पुरतात, त्यामुळे बऱ्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) असेल तर तोही बदलावा लागत नाही. (कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेल्या वॅटवर मात्र विसंबू नये, तो आधी बदलावा.) जुन्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस (बोर्ड आणि कार्ड जोडणारी वाट) ३.० या जुन्या आवृत्तीची असली, तरी या कार्डाचे नुकसान थोडेच होते. त्याच मालिकेतले आरएक्स ६५०० एक्सटी त्या वाटेच्या केवळ चार लेनवर चालते आणि जुन्या बोर्डावर त्याचे हाल होतात, तेव्हा स्वस्त दिसले म्हणून ते उचलू नये.

‘एक बदलला की सगळेच बदलावे लागते’ हा मुद्दा सर्वाधिक पटतो आणि सर्वाधिक चुकीचाही तोच आहे. एएमडीचे रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये एएम४ सॉकेटवर आले, आणि त्याच सॉकेटवर २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० बसतो. बी४५० या चिपसेटच्या (बोर्डावरच्या नियंत्रक चिपच्या) बोर्डावर तर तो चालतोच, पण बी३५० च्याही बऱ्याच बोर्डांना उत्पादकांनी त्यासाठी नवे बायोस (बोर्ड सुरू करणारे त्याचे मूळ सॉफ्टवेअर) दिले आहे. बोर्ड, रॅम, कॅबिनेट जसेच्या तसे ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचा. अट इतकीच की बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करावे, नाहीतर नवा बसवल्यावर पडद्यावर काहीच येत नाही. हे काम यूपीएसवर करावे. बायोस लिहिले जात असताना मध्येच वीज गेली, तर बोर्डच निकामी होऊ शकतो, आणि मे महिन्यातल्या दुपारी वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे मशीन असलेल्यांसाठी वाट अरुंद आहे. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्या बोर्डांवर अधिकृतरीत्या चालत नाही. तरीही सगळे बदलण्याची गरज नाही : बाराव्या पिढीचे डीडीआर४ प्रकारची रॅम घेणारे बोर्ड मिळतात, आणि बोर्ड व आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ प्रोसेसर घेतला की जुनी डीडीआर४ रॅम, एसएसडी, कॅबिनेट आणि कार्ड तिथेच लावता येते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून हाताशी असलेली रॅम वाचवण्याचे मोल वाढलेच आहे. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडून ड्युअल चॅनल करावे, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी काम करतात. ज्या गेममध्ये प्रोसेसर अडतो, तिथे फरक डोळ्यांना दिसतो.

विंडोजबद्दल संदेश अर्धे खरे बोलतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि रायझनची पहिली पिढी व इंटेलची सातवी पिढी विंडोज ११ च्या यादीत जवळजवळ नाहीच. पण आठव्या पिढीपासूनचे इंटेल आणि रायझन २००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर त्या यादीत आहेत, आणि पुष्कळ मशीनवर ‘चालत नाही’ असा निरोप येतो तो केवळ बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची सोय) बंद असल्यामुळे. वर सांगितलेला ५६०० बसवला की हा प्रश्नही मिटतो.

वॉरंटीचा मुद्दा लवकर आटोपतो. असेंबल केलेल्या नव्या पीसीलाही वॉरंटी भागागणिकच असते, त्यामुळे जुन्या कॅबिनेटमध्ये बसवलेल्या नव्या कार्डाची वॉरंटी तेवढीच राहते. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यावा म्हणजे झाले.

उन्हाळ्याचे म्हणाल, तर पारा ४५ वर गेला की खोलीतली हवाच इतकी तापते की नवे मशीनही तीच हवा ओढते. रायझन ५ १६०० आणि ५६०० या दोघांचीही उष्णतेची घोषित मर्यादा ६५ वॅटच आहे. जुने मशीन गेम खेळता खेळता बंद पडत असेल, तर आधी साइड पॅनल उघडून प्रोसेसरच्या पंख्याखाली पाहावे. डेझर्ट कूलरच्या ओलसर हवेने धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांना चिकटते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा नमद्यासारखा करडा थर जमतो, ज्यातून हवा जातच नाही. ब्लोअर मारून आणि थर्मल पेस्ट नव्याने लावून तापमान खाली आले, तर लाखभराची खरेदी काही शे रुपयांत टळते. मशीन थेट कूलरच्या झोतात मात्र ठेवू नये.

संदेश पूर्णपणे लागू पडतो तो डीडीआर३ रॅम असलेल्या, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या मशीनला. तिथे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही जातात, आणि उरलेल्यासाठी ओढाताण करण्यात अर्थ नाही. अशांनी नवा संच जरूर घ्यावा. फक्त एसएसडी आणि मॉनिटर जुनाच वापरावा, आणि पुढे प्रोसेसर बदलता यावा म्हणून बोर्ड एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटचा निवडावा.