डबलसीटसाठी शॉकअप ‘फुल टाईट’: या सल्ल्यात काय चुकतं

“डबलसीट फिरायचं असेल तर मागचे शॉकअप शेवटच्या खाचेवर टाईट करा. तरी गाडी दबली तर गॅसचे, थोडे उंच शॉकअप टाका. मग कितीही वजन न्या.” हा सल्ला बाईकवाल्यांमध्ये सतत फिरत असतो आणि पुष्कळ जण तो जसाच्या तसा अमलात आणतात. त्याचा त्रास मात्र मागे बसणाऱ्याला होतो. तो जवळपास मागच्या चाकाच्या वरच बसलेला असतो, त्याच्या हातात हँडल नसतं आणि समोरचा खड्डाही त्याला नीट दिसत नाही. म्हणून या सल्ल्यातला एकेक दावा तपासायला हवा.

पहिला दावा, शॉकअपवरची खाचांची रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते. होत नाही. खाच वाढवल्याने प्रीलोड वाढतो, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. तिचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि व्यास यांवर ठरतो, आणि यातलं काहीच रिंगने बदलत नाही. उदाहरण घेऊ. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा मिळून १ मिलिमीटर दबायला ४ किलो वजन लागतं आणि शॉकअप जवळपास उभे बसवलेले आहेत. मागे ६० किलोची व्यक्ती बसली आणि त्यातलं ४८ किलो मागच्या चाकावर आलं, तर गाडी १२ मिलिमीटर खाली बसेल. प्रीलोड १२ मिलिमीटर वाढवला की गाडी पुन्हा पहिल्या उंचीवर येईल. प्रीलोडचं काम एवढंच, आणि ते महत्त्वाचं आहे. पण खड्ड्यात आपटताना तीच स्प्रिंग आता जास्त वजन थोपवत असते, त्यामुळे ती आधीपेक्षा जास्त दबते.

मग टाईट केल्यावर गाडी कडक का वाटते? एकटं बसल्यावर वजन प्रीलोडपुढे कमी पडतं, शॉकअप जवळजवळ पूर्ण उघडाच राहतो आणि खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा उरत नाही. मागची बाजू उडते आणि टायरची पकड सुटते. म्हणून सहप्रवासी उतरला की खाच पुन्हा कमी करायला हवी. जोडशॉक असतील तर दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात.

किती खाचा हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. मागचं चाक अधांतरी उचलून आसापासून सीटखालच्या एखाद्या ठरावीक बिंदूपर्यंत सरळ उभं अंतर घ्या. मग नेहमीच्या कपड्यांत आणि सामानासह दोघं बसा आणि तिसऱ्या माणसाला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन मापांतला फरक चाकाच्या एकूण चालीच्या, म्हणजे चाक जास्तीत जास्त जितकं वरखाली सरकू शकतं त्या अंतराच्या, साधारण ३० टक्के असावा. चाल १२० मिलिमीटर असेल तर ३५ ते ४० मिलिमीटर. प्रीलोड शेवटच्या खाचेवर नेऊनही गाडी याहून जास्त दबत असेल, तर तुमच्या वजनाला स्प्रिंग खरोखर मऊ आहे. तेव्हा मात्र खर्च करणं योग्य.

तो खर्च करताना डँपर, म्हणजे शॉकअपमधला स्प्रिंगची उसळी आवरणारा तेलाचा भाग, विसरला जातो, आणि मला सर्वांत काळजी याचीच वाटते. वजन स्प्रिंग पेलते, पण दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडेल हे आतलं तेल आणि त्याच्या वाटेतले व्हॉल्व्ह ठरवतात. जुन्या, थकलेल्या डँपरवर नुसती कडक स्प्रिंग चढवली की ती प्रत्येक गतिरोधकानंतर झटक्याने उघडते आणि मागचा माणूस सीटवरून उचलला जातो. मागून दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती दोन-तीनदा डोलत असेल तर आधी डँपर बघा. शॉकअप घेताना दोघांचं मिळून वजन सांगा, त्यानुसार स्प्रिंग मागा आणि रिबाउंड, म्हणजे स्प्रिंग परत उघडण्याचा वेग, कमी-जास्त करता येतो का ते विचारा.

गॅसबद्दलचा समज तर साफ चुकीचा. अशा शॉकअपला जोडलेल्या डबीतला नायट्रोजन वायू मुख्यतः तेलावर दाब ठेवतो. सतत खड्ड्यांनी तेल तापलं तरी त्यात फेस होऊ नये आणि डँपिंग ढिलं पडू नये, यासाठी तो असतो. त्याने शॉकअपच्या दांड्यावर थोडा जोर येतो, पण सहप्रवाशाचं वजन तो पेलत नाही. डबी आहे पण स्प्रिंग चुकीची आहे, असे शॉकअप घेऊन काही साधत नाही.

उंच शॉकअपने मागची बाजू वर येते, पुढचा फोर्क जास्त उभा होतो आणि हँडल चंचल होतं. साइडस्टँडवर गाडी जास्त कलते, चेनचा ताणही बदलतो. उंची कंपनीचीच ठेवा.

आणि “कितीही वजन”? गाडीची भारक्षमता फक्त शॉकअपवर ठरत नाही. चासी, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात), रिम, ब्रेक आणि टायर, सगळ्यांची मर्यादा असते. टायरच्या बाजूवरचा भार-निर्देशांक पाहा: ५८ म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त २३६ किलो, तेही पुरेशी हवा असताना. मॅन्युअलमध्ये कमाल वजन आणि डबलसीटसाठी मागच्या टायरची हवा, दोन्ही दिलेली असतात. शॉकअपला हात लावण्याआधी ती हवा भरून एक फेरी मारून बघा, आणि रात्री दोघं बसल्यावर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जात नाही ना, तेही तपासा.